सायकलवरचा माठ

दिवाळी अंकात उन्हाळ्याचा विषय काढणे म्हणजे मुंजीच्या मांडवात बारशाचे पाळणे म्हणण्यापैकी आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. वाचकांच्या अंगाला उटण्याचा वास येतो आहे, पुढ्यात चकलीची बशी आहे, पहाटे पांघरूण जरा ओढून घ्यावेसे वाटते आहे. आणि अशा वेळी कुणी वैशाखातल्या दुपारची आठवण करून दिली, तर तिला अरसिकच म्हटले पाहिजे. परंतु तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे वाडवडील सांगून गेले आहेत. उन्हाळ्यात सुखाने सायकल चालवायची असेल, तर तिची विहीर नेमकी दिवाळीतच खणावी लागते. ती कशी, ते ओघाने येईलच.

माझे माहेर दादरचे आणि सासर नागपूरचे. तेही जुन्या वस्तीतले, महालातले. कॉलेज शहराच्या पश्चिम अंगाला, घरापासून सुमारे पाच किलोमीटरवर. मराठी शिकवणे हा माझा व्यवसाय आणि सायकल हे माझे वाहन. बाकीच्या ऋतूंत याचे कुणाला विशेष वाटत नाही. उलट, "प्रकृतीला फार चांगले हो!" असे म्हणून लोक कौतुकच करतात. पण एप्रिल उजाडला, परीक्षा सुरू झाल्या, की पर्यवेक्षणासाठी रोज जाणे येते, आणि मग तेच लोक "बाई, या उन्हात सायकल?" असे विचारू लागतात. विचारणाऱ्याची नजर माझ्या कपाळाकडे असते. पाच किलोमीटर हे काही मोठे अंतर नव्हे, हे त्यालाही ठाऊक असते. त्याला खुपतो तो घाम. स्कूटरवरून येणारी बाई तापून येते, पण कोरडी येते. सायकलवरून येणारी ओली येते. आणि शिकल्यासवरल्या माणसाने चारचौघांत ओले दिसू नये, असा आपल्या मध्यमवर्गाचा एक अलिखित नियम आहे.

भाषेची शिक्षिका म्हणून मला या नियमाची मोठी मौज वाटते. कारण आपल्या भाषेने घामाला फार मान दिलेला आहे. निढळाच्या घामाने मिळवलेली भाकरी ती खरी, असे आपण म्हणतो. 'निढळ' म्हणजे कपाळ. एरवी हा शब्द बोलण्यातून जवळजवळ गेला. घामाच्या सोबतीने तेवढा जगला. शब्दाचे कुळ पाहावे, तर तेही थोर. संस्कृतातला 'घर्म' म्हणजे उष्णता; त्याचा मराठीत 'घाम' झाला. हिंदी मुलुखातल्या खेड्यापाड्यांत आजही 'घाम' म्हणजे चक्क ऊन! फारसीतून आलेला 'गरम' हा याच घराण्यातला दूरचा चुलतभाऊ. म्हणजे एकाच शब्दाला एका प्रांताने ऊन म्हटले आणि दुसऱ्याने त्या उन्हावरचा उतारा म्हटले. घाम हा उतारा आहे, रोग नव्हे, हे एकदा मनाला पटले की सायकलवरचा निम्मा उन्हाळा हलका होतो.

मला ते पटवून दिले आमच्या सासूबाईंनी, आणि तेही माठाच्या निमित्ताने. एका वर्षी ह्यांनी बाजारातून वेलबुट्टी रंगवलेला एक देखणा माठ आणला. सासूबाईंनी त्याच्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "दिसायला छान आहे रे. पण रंग दिला की माठ मुका होतो. तो पाझरला पाहिजे." मग जुना साधा माठ आणि हा नवा रंगीत माठ, दोन्ही तिवईवर शेजारी शेजारी ठेवले गेले. संध्याकाळी पाणी पिऊन पाहिले. जुन्या माठाचे अंग ओलसर होते, बुडाशी पाण्याचा डाग पडला होता, आणि पाणी दातांना लागेल इतके गार होते. रंगीत माठ बाहेरून अगदी कोरडा, नीटनेटका आणि पाणी कोमट. आमच्या मध्यमवर्गाला हवा असलेला माणूस अगदी असाच आहे, असे तेव्हा माझ्या मनात आले.

माठाचे जे गणित, तेच देहाचे. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. ती उष्णता पाणी ज्याच्या अंगावर असेल, त्याच्याकडून घेते. आपल्या कातडीत घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी आहेत. एक लिटर घाम अंगावर पुरता वाळला, तर तो सुमारे ५८० कॅलरी उष्णता बरोबर घेऊन जातो. आहारतज्ज्ञ ज्या कॅलरी मोजतात, त्याच या. तेवढ्या उष्णतेत साधे सात-साडेसात लिटर पाणी उकळीला येईल! आणि ही उष्णता बाहेर टाकण्याची गरज सायकलस्वाराला इतरांहून जास्त. कारण आपले स्नायू फार उधळे आहेत. शंभर भाग शक्ती खर्च केली, तर पायडलपर्यंत पोचतात ते जेमतेम वीस-पंचवीस भाग. उरलेल्याची नुसती उष्णता होते. वरून ऊन, आतून ही भट्टी, आणि मधे देहाला राखायचा असतो तो ३७ अंशांचा पारा. हे सारे तोलून धरणारा एकटा घाम. त्याला आपण रुमालाने पुसून हाकलून देतो आणि वर नाक मुरडतो.

मात्र घामाला एक अट आहे. तो वाळला पाहिजे. गळणारा घाम वाया जातो, वाळणारा घाम कामाला येतो. दादर आणि नागपूर या माझ्या दोन घरांतला फरक हाच. मे महिन्यात दादरला पारा ३३-३४ अंशांवर थांबतो, पण हवा समुद्राच्या बाष्पाने भरलेली. तिथे घामाला जायला वाटच नसते; तो हनुवटीवरून टपटपत राहतो आणि जीव मात्र गार होत नाही. नागपुरात त्याच दिवशी ४२-४३ अंश असतात, पण दुपारच्या हवेत ओलावा २० टक्क्यांच्या आसपास. इथे घाम आला कधी आणि वाळला कधी, हेही कळत नाही. दंडावर मिठाची पांढरी रेघ तेवढी उरते. दादरचा माठ म्हणूनच कधी नागपूरच्या माठाइतका गार होत नाही. वाचकांनी आपले गाव दादरच्या जातीचे की नागपूरच्या जातीचे, हे आधी ओळखावे. मुंबईकर सायकलस्वाराने वाऱ्याची वाट शोधावी, कपडे पातळ आणि लवकर वाळणारे घ्यावेत. आम्ही विदर्भातल्यांनी पाण्याचा हिशेब ठेवावा, कारण न दिसता किती पाणी गेले, ते आम्हाला कळत नाही.

आता वाऱ्याचे पाहा. सायकलीला देवाने एक वरदान दिलेले आहे. ती आपला वारा आपल्याबरोबर घेऊन चालते. मोटारीत पंखा लागतो, पायी चालणाऱ्याला झुळकेची वाट पाहावी लागते. सायकलवर नुसते पुढे गेले की वारा अंगाला लागतो. पण या वाऱ्याच्या मोहाने वेग वाढवू नये. हवेला कापत जाण्याचे कष्ट वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतात. ताशी वीस किलोमीटरने जाणारा माणूस पंधरावर आला, तर हवेशी झगडण्याचे त्याचे कष्ट निम्म्याहूनही कमी होतात. माझ्या पाच किलोमीटरांना याची किंमत किती? पंधरा मिनिटांऐवजी वीस. म्हणजे पाच मिनिटे आधी निघायचे, एवढेच. उन्हाळ्यात मला रोज कुणी ना कुणी मागे टाकून जाते. शाळकरी पोरेही घंटी वाजवून पुढे निघतात. मी कुणाशी शर्यत लावत नाही. चढ आला की बिनदिक्कत खाली उतरून चालते. उन्हाशी मानापमानाचे नाटक करण्यात अर्थ नाही.

कपड्यांविषयी आपल्याकडे पांढऱ्या रंगाचा फार महिमा सांगतात. तो खोटा नाही, पण अर्धा आहे. वाळवंटातले बदाउनी लोक भर उन्हात काळे झगे का घालतात, असा प्रश्न काही शास्त्रज्ञांना पडला होता. त्यांनी काळे आणि पांढरे असे दोन्ही झगे माणसाला घालून, वाळवंटातल्या उन्हात उभे करून मोजमाप केले आणि १९८० साली 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष छापला. काळा झगा जास्त तापला खरा, पण आतल्या माणसाला दोन्हींत सारखीच उष्णता लागली. कारण झगा सैल होता; कापड आणि कातडी यांच्यामधून हवा खेळत होती, आणि जास्तीची उष्णता ती बाहेरच्या बाहेर नेत होती. मला यातून एवढेच घ्यायचे आहे की, रंगापेक्षा सैलपणा मोठा. मी फिक्या रंगाचा, ढगळ, सुती पंजाबी ड्रेस घालते. ओढणीची दोन्ही टोके कमरेला बांधून टाकते, कारण चाकाला ओढण्यांची भारी आवड असते. पर्स, पुस्तके, डबा यांपैकी काहीही पाठीवर घेत नाही. पाठीवर पिशवी अडकवणे म्हणजे माठाला रंग देणे. अंगाचा सगळ्यात मोठा सपाट भाग झाकला गेला की तिथला घाम वाळणार कसा? ओझे कॅरिअरला बांधावे किंवा पुढच्या टोपलीत टाकावे. ते सायकल आनंदाने वाहते.

नागपूरच्या दुपट्ट्याबद्दल मात्र दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. इथल्या बायकामुली आणि पुरुषही उन्हाळ्यात डोके, कान, तोंड असे सारे दुपट्ट्यात गुंडाळून फिरतात. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे पाहून दरोडेखोरांच्या गावात आल्यासारखे वाटते. दादरहून नवी आले, तेव्हा मलाही प्रश्न पडला होता, की इतक्या उकाड्यात आणखी गुंडाळून का घ्यायचे? उत्तर असे की, कातडीचे तपमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून गार असेल, तोवर वारा आपली उष्णता नेतो. हवा ४५ अंशांची झाली, की वाराच आपल्याला तापवू लागतो. भट्टीचे दार उघडल्यासारखी झळ येते. अशा वेळी उघड्या कातडीपेक्षा वरचे सैल सुती आवरण बरे. त्यातून ते पाण्याने ओलसर केलेले असेल, तर वाळा लावलेल्या खिडकीचा गुण त्याला येतो. नागपूरने २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश पाहिले आहेत. तेथील लोकांचा दुपट्टा ही हौस नव्हे, अनुभवाने शिकवलेला धडा आहे. त्यावर हेल्मेट घालायचे, तर ते भरपूर झरोक्यांचे असावे.

यापुढे वेळेची गोष्ट. "चारनंतर ऊन उतरते, मग निघावे," असे पुष्कळजण म्हणतात. ऊन उतरते हे खरे. पण पारा उतरत नाही. सूर्य डोक्यावर येतो नागपुरात मेमध्ये बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. त्यानंतरही जमीन तापतच राहते, आणि हवेचा पारा अडीच ते चारच्या दरम्यान सगळ्यात वर जातो. डांबरी रस्ता तर दुपारी साठ अंशांपर्यंत तापतो आणि सूर्य कलल्यावरही घेतलेली उष्णता खालून परत करत बसतो. सगळ्यात गार वेळ सूर्योदयाची. मेच्या अखेरीस आमच्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो. ज्यांना वेळ निवडता येते, त्यांनी सकाळचे साडेपाच ते आठ हे अडीच तास आपले मानावेत.

दिशाही पाहावी. माझे घर पूर्वेला आणि कॉलेज पश्चिमेला. त्यामुळे सकाळी जाताना सूर्य पाठीशी, संध्याकाळी साडेसहाला परततानाही तो पाठीशी. हा निव्वळ योगायोग, पण ज्यांचे याच्या उलट आहे, त्यांना दोन्ही वेळा ऊन डोळ्यांत घ्यावे लागते. त्यांनी टोपीला पुढे झाप ठेवावी. रस्ता निवडताना जवळचा निवडू नये, सावलीचा निवडावा. उड्डाणपुलावरून माझी पाच मिनिटे वाचतील. पण पुलावर झाड नसते. मी सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या झाडांखालून वळसा घेऊन जाते. मे महिन्यात तिथे बहावा आणि गुलमोहर एकाच वेळी फुललेले असतात, हा वरचा नफा. सावलीची किंमत कळायची असेल, तर २६ मेच्या सुमारास भर दुपारी नागपुरात उभे राहून पाहावे. त्या दिवशी सूर्य अगदी माथ्यावर येतो आणि विजेच्या खांबाला सावलीच उरत नाही. आपली स्वतःची सावलीदेखील पायांखाली लपून बसते. मग झाडाखेरीज दुसरा आधार कुठला?

सायकलस्वाराला सगळ्यात जास्त घाम केव्हा येतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तो येतो सायकल थांबवल्यावर. वारा एकदम बंद पडतो, पण आतली भट्टी अजून पेटलेलीच असते. माणूस घाईघाईने सायकल लावतो, जिने चढतो, आणि वरिष्ठांसमोर उभा राहतो तो नेमका ओलाचिंब! माझा क्रम वेगळा आहे. फाटकापासून शेवटचे अर्धा किलोमीटर मी अगदी सावकाश घेते. मग सावलीत दहा मिनिटे उभी राहते. ओल्या पंचाने मान, मनगटे आणि तोंड पुसते, पिशवीतला कोरडा कुडता बदलते, केस विंचरते. एवढे झाले की परीक्षेच्या खोलीत जाणारी बाई मोटारीतून उतरल्यासारखी दिसते. हा पंचा, कुडता आणि कंगवा यांचा संच ज्याच्या कपाटात आहे, त्याने घामाची लाज बाळगण्याचे कारण नाही.

पाण्याविषयी मी सासूबाईंचेच शिष्यत्व पत्करले आहे. जुन्या काळी प्रवासात जाड कापडाची छागल असे. ती पाझरे आणि वाऱ्याने पाणी गार राही. म्हणजे तीही माठाच्याच कुळातली. आज छागल दिसत नाही, पण पाण्याच्या बाटलीवर ओला पायमोजा चढवून ती हँडलला अडकवली, तर काम तेच होते. मुले त्या पायमोज्याला हसतात आणि पाणी मात्र त्याच बाटलीतले मागतात. निघण्यापूर्वी पेलाभर पाणी, वाटेत घोट-घोट, पोचल्यावर ताक किंवा पन्हे, एवढे वीस मिनिटांच्या रपेटीला पुरते. तास-तास उन्हात घाम गाळावा लागला, तर नुसते पाणी पुरत नाही, मीठही जाते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे चहाच्या चमच्याचे माप पाठ असावे. या साध्या मिश्रणाचे सामर्थ्य डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या साथीत दाखवून दिले आणि पुढे त्याने जगभर असंख्य जीव वाचवले. रक्तदाबाच्या रुग्णांनी मिठाचे मात्र आपल्या डॉक्टरांना विचारावे. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असेही आमच्याकडे मानतात. खिशातल्या कांद्याने ऊन अडत नाही, हे उघड आहे. पण कांदा खिशात ठेवणारा माणूस उन्हाची आठवण ठेवूनच घराबाहेर पडतो, एवढा गुण मी त्याला देते.

इथवर सारे सुखाचे झाले. पण उन्हाला एक मर्यादा आहे आणि तिच्यापुढे माठ, पंचा, पन्हे यांपैकी कुणाचेच चालत नाही. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या कॉलेजातले एक शिपाईमामा कामासाठी दुपारी बाहेर गेले होते आणि अडीचच्या सुमारास सायकलवरून परतले. जन्मभर नागपूरच्या उन्हात वावरलेला, काटक माणूस. सायकल भिंतीला टेकवून ते व्हरांड्यात आले आणि मला म्हणाले, "मॅडम, माझी पिशवी कुठं गेली?" पिशवी त्यांच्या हातातच होती. मी तसे सांगितले. त्यांनी हाताकडे पाहिले, आणि पुन्हा तेच विचारले. तिसऱ्यांदा विचारताना त्यांचा तोल गेला. आम्ही चौघांनी त्यांना सावलीत आडवे केले, शर्ट सैल केला, अंगावर बादलीने पाणी ओतले आणि उत्तरपत्रिकांच्या पुठ्ठ्यांनी वारा घातला. कुणीतरी पेला तोंडाला लावू पाहत होते. त्याला आम्ही थांबवले, कारण शुद्ध नीट नसलेल्या माणसाच्या घशात पाणी घालणे धोक्याचे असते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी आणि वारा थांबवला नाही. मामा वाचले. डॉक्टर म्हणाले ते एवढेच, की अंग लगेच गार केलेत, हे बरे केलेत.

म्हणून सांगते, की डोके दुखणे, मळमळणे, पायांत गोळे येणे, चक्कर येणे ही उन्हाची पहिली सूचना. ती मिळाली की सायकलवरून उतरावे, सावली गाठावी, पाणी प्यावे, आणि त्या दिवशी पुन्हा पायडलवर पाय ठेवू नये. पण माणूस भलतेच बोलू लागला, ओळख विसरू लागला, तर तो उष्माघात. घाम थांबला आहे की वाहतो आहे, याची चिकित्सा करत बसू नये. दोन्ही होऊ शकते. देहाचा पारा चाळीसच्या वर गेलेला असतो आणि एकेक मिनिट मोलाचे असते. गावात सरकारने उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला असेल, तर दुपारी सायकल घरी ठेवण्यात कमीपणा नाही.

मामांच्या त्या दुपारने आमच्या कॉलेजात एक गोष्ट घडली. बाहेरची सारी कामे उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत उरकायची, असे ठरले. ठरवायला अर्धा तास लागला. एकाही कामाचे अडले नाही. अहमदाबाद शहराने २०१० सालच्या मे महिन्यात उन्हाने माणसे जाताना पाहिली आणि २०१३ साली उष्णतेसाठी कृती आराखडा तयार केला. देशातला तसा तो पहिलाच. त्यातही मुख्य गोष्टी अशाच साध्या: आधी इशारा द्या, सावली आणि पाणी पुरवा, कष्टकऱ्यांच्या वेळा बदला. आपण घरात कूलर लावून बसतो आणि दुपारी दोन वाजता फोनवरून जेवण मागवतो. ते घेऊन येणाऱ्यांत सायकल मारत येणारी मुलेही असतात. तुमच्याआमच्यासारखी वेळ निवडण्याची चैन त्यांना नसते. जेवण बारापूर्वी मागवणे आपल्या हातात आहे. आणि दारात आलेल्याला पैसे देण्याआधी माठातले पाणी विचारणे तर नक्कीच आहे. उन्हाळ्यात गावोगाव पाणपोया घालणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळे शिकवायला नको.

आता दिवाळीतल्या विहिरीकडे येते. देह उन्हाला सरावतो, पण त्याला मुदत लागते. रोज थोडे थोडे ऊन अंगावर घेतले, तर साधारण एक ते दोन आठवड्यांत तो नवे शहाणपण शिकतो: घाम लवकर सुटू लागतो, जास्त सुटतो आणि त्यातले मीठ कमी होते, काळजाची धडधड मंदावते. सवय सुटली की हे शहाणपण काही आठवड्यांत विसरले जाते. म्हणून मे महिन्यात एकदम उत्साह येऊन सायकल बाहेर काढणारा माणूस सगळ्यात जास्त पोळतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ साली जागतिक सायकल दिन ठरवला, तो ३ जूनला. युरोपात ते दिवस सुखाचे असतील. आमच्याकडे तेव्हा रोहिणी नक्षत्रातला नवतपा जेमतेम संपलेला असतो आणि मृगाची वाट पाहून डोळे शिणलेले असतात. त्या दिवशी सायकलीची सुरुवात करण्याचा संकल्प विदर्भात तरी कुणी करू नये.

आपला मुहूर्त पाडव्याचा बरा, दिवाळीच्या पाडव्याचा. माळ्यावरची, जिन्याखालची सायकल या सुट्टीत खाली काढावी. हवा भरावी, चेनला तेल द्यावे, ब्रेकचे रबर बदलावे, सीटच्या तापणाऱ्या रेक्झिनवर सुती खोळ शिवून घालावी. भाऊबीजेला बहिणीकडे सायकलनेच जावे. कार्तिक-मार्गशीर्षाच्या थंडीत पायांत बळ येते. संक्रांतीनंतर ऊन अंशाअंशाने चढते, आणि त्याच्याबरोबर देहही पायरी-पायरीने चढत जातो. होळीपर्यंत घाम मित्रासारखा ओळखीचा झालेला असतो. मग वैशाखात कुणी विचारले, "या उन्हात सायकल?" तर कपाळ पुसण्याची घाई करू नये. वाऱ्याला त्याचे काम करू द्यावे.